इच्छा मनात आली, एवढ्यानेच पाप झालं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही कांदोळीला एका बारमध्ये कामाला आहात. आई वेंगुर्ल्याची, म्हणून घरात मराठी. लहानपणापासून इगर्जीत, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये, जाता. गेलं वर्षभर एक मित्र तुम्हाला बिलिव्हर, म्हणजे प्रोटेस्टंट वळणाच्या, लोकांच्या प्रार्थनासभेला नेतो. तिथले पास्टर सांगतात की वाईट इच्छा मनात उठली की तेच पाप, पुढे हातून काही घडो न घडो. तुमचे पाद्री सांगतात की मनाने होकार दिला नाही तर पाप नाही. दोघंही बायबलच उघडून दाखवतात. इकडे कामावर रोज कुणा ना कुणाकडे नजर जाते, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या चुलतभावाचे फोटो मोबाईलवर दिसले की पोटात दुखतं. दर शनिवारी कुमसार (पाद्रींपुढे पापांची कबुली), दर शनिवारी तीच यादी, आणि रविवारी कम्युनियनच्या (मिस्सेत पवित्र भाकर घ्यायच्या) रांगेत उभं राहायची धास्ती. बरोबर कोण, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी पाद्री नाही. मूळ वसईचा, सेमिनरीत सहा वर्षं काढली, मग बाहेर पडून लग्न केलं. गेली सत्तावीस वर्षं गोव्यात धर्मशिक्षण शिकवतो आणि रिट्रीटला आलेल्यांशी एकेकट्याने बसून बोलतो. तेव्हा माझं उत्तर कॅथलिक बाजूकडे झुकणार, हे धरून चला. पण तुमचे पास्टर काही वेडंवाकडं बोलत नाहीत. त्यांच्या मागे पाचशे वर्षांची परंपरा उभी आहे, आणि तिला हसण्यावारी नेणारा माणूस स्वतःच्या मनात फारसा डोकावलेला नसतो.

एक घरचा प्रसंग सांगतो. करेजमातला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, आमच्याकडे मांस वर्ज्य. संध्याकाळी सातच्या सुमारास शेजारच्या घरातून चोरीस, म्हणजे डुकराचं गोवन सॉसेज, तळल्याचा वास आला. व्हिनेगर, लसूण, सुकी मिरची. तोंडाला पाणी सुटलं. हे माझं पाप? नाक देवाने दिलंय, वास वाऱ्याने आणलाय. मग मी उठून खिडकीशी गेलो आणि तिथे उभा राहिलो. पावात भरून कसा लागेल, सोबत काय घेता येईल, असं मन रंगवत गेलं. दोन मिनिटं, पाच मिनिटं. आणि मग विचार आला की शेजारणीला काही निमित्त काढून हाक मारावी, ती बशी पुढे करेलच. (शुक्रवारी चोरीस सोडायचा आणि कोंबडीपेक्षा महाग इसवण (सुरमई) तळून खायचं, हा आम्हा गोंयकारांचा उपवास. त्यावर वेगळं लिहावं लागेल.)

या पाच मिनिटांत तीन पायऱ्या आहेत. संत अगस्तीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस डोंगरावरच्या प्रवचनावर लिहिताना त्या मांडल्या: आधी सुचणं, मग त्यात रमणं, मग होकार देणं. एदेन बागेतला साप सुचवतो, हव्वा रमते, आदाम होकार देतो, असं त्याने जुळवूनही दाखवलं. पुढे पोप ग्रेगरींनी हाच क्रम वापरला आणि कॅथलिक नीतिशास्त्रात तो कायमचा बसला. वास येणं ही पहिली पायरी, आणि तिथे पाप नाही. शेजारणीला हाक मारायचं ठरवलं तिथे आहे. खरी भानगड मधल्या पायरीची. खिडकीशी उभं राहून मी चव घोळवत होतो ते आपोआप नव्हतं, पाय माझेच होते. जुने नीतिशास्त्रज्ञ याला रेंगाळणारा आनंद म्हणत आणि त्याला हलकं समजत नसत. म्हणजे 'कृती केली नाही, सुटलो' असं कॅथलिक शिकवणही म्हणत नाही. तुमच्या पाद्रींनी 'होकार' म्हटलं ते बरोबर, पण तो होकार हातापायांच्या आधी मनात होऊन जातो, हे बहुधा घाईत सांगायचं राहिलं असेल.

आता पास्टरांची बाजू. त्यांनी तीन वचनं दाखवली असणार. पहिलं, शेवटची आज्ञा: शेजाऱ्याच्या घराचा, बायकोचा, बैलाचा लोभ धरू नको. चोरी आणि व्यभिचार आधीच्या आज्ञांत येऊन गेले, मग ही आज्ञा कशासाठी? इच्छेसाठीच, असं ते म्हणतात. दुसरं, पौलाचं रोमकरांस पत्र, सातवा अध्याय. 'लोभ धरू नको' असं नियमशास्त्राने सांगितलं नसतं तर मला लोभ कळलाच नसता, असं पौल म्हणतो, आणि आपल्यात वस्ती करून बसलेल्या त्या ओढीला तो सरळ 'पाप' म्हणतो. तिसरं, मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं: स्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे.

तिसऱ्यापासून बोलतो, कारण तुमच्या कामाच्या जागी तेच जास्त टोचत असणार. मूळ ग्रीक वाक्यात हेतू दाखवणारी रचना आहे: तिची अभिलाषा धरण्यासाठी जो पाहतो तो. अगस्तीनने हे वचन असंच वाचलं, नुसती चाळवाचाळव झालेल्याविषयी नव्हे तर त्याच उद्देशाने बघणाऱ्याविषयी. टेबलावर ग्लास ठेवताना नजर गेली आणि तुम्ही ट्रे घेऊन परतलात, हे ते बघणं नाही. काही काम नसताना त्याच टेबलाभोवती तिसरी फेरी मारलीत, तर ते आहे. शिवाय तिथे 'वासना' म्हणून जो ग्रीक शब्द येतो, तोच शब्द लूकच्या बाविसाव्या अध्यायात खुद्द येशूच्या तोंडी आहे. दुःख सोसण्याआधी हे वल्हांडणाचं जेवण तुमच्याबरोबर जेवायची मला फार फार इच्छा होती, असं तो शिष्यांना सांगतो. एकच शब्द. त्यामुळे 'इच्छा म्हणजे पाप' असं सूत्र करून टाकलं की बायबलच आडवं येतं.

पौलाचं वचन मात्र इतक्या सहज बाजूला होत नाही. १७ जून १५४६ रोजी कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मपरिषदेने मूळ पापावरचा ठराव केला, तेव्हा तिलाही हे वचन ओलांडून जाता आलं नाही. स्नानसंस्कारानंतरही (बाप्तिस्म्यानंतरही) माणसात ही ओढ उरते, हे परिषदेने मान्य केलं. तिला लॅटिनमध्ये जो शब्द वापरला त्याचा अर्थ झटकन पेट घेणारं जळण. आपल्याकडे नारळाची सुकी सोडणं असतात ना पडवीत रचलेली, तसं. ही ओढ झुंजण्यासाठी ठेवली आहे, होकार न देणाऱ्याचं ती काही बिघडवू शकत नाही. पौलाने तिला पाप म्हटलं ते ती पापातून आली आणि पापाकडे झुकवते म्हणून, ती खरोखर पाप आहे म्हणून नव्हे. हा झाला ठराव, आणि तुमचे पाद्री बोलतात ते हेच. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लुथरला या शिकवणीत ठरावाच्या आधीपासूनच पळवाट दिसत होती. देवावर सगळ्या अंतःकरणाने प्रेम कर अशी आज्ञा असेल, तर अंतःकरणाचा एक कोपरा दुसरीकडे ओढत असताना ती पाळली गेली असं कसं म्हणणार? म्हणून त्याच्या मते विश्वासणारा माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. १५७१ च्या अँग्लिकन कलमांमध्येही या ओढीला स्वतःतच पापाचं स्वरूप असतं असं लिहिलं आहे, आणि १५६३ चं हायडलबर्गचं प्रश्नोत्तर (प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाचं पुस्तक) शेवटच्या आज्ञेचा अर्थ सांगताना आज्ञेविरुद्धचा बारीकसा विचारही मनात येऊ नये म्हणतं. तुमच्या मित्राचे पास्टर या ओळीत बसतात.

याकोबाचं पत्र दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वाचतात. प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जातो, मग वासना गर्भ धरते आणि पापाला जन्म देते. कॅथलिक म्हणतो, बघा, वासना आणि पाप यांच्या मध्ये गर्भ धरणं आहे, म्हणजे दोन्ही एक नव्हेत. प्रोटेस्टंट म्हणतो, खाण तशी माती. पोटी पाप येत असेल तर आई कुठली सोवळी? मला पहिलं वाचन जास्त पटतं, पण दुसरं ऐकल्यावर थोडा वेळ गप्प बसावं लागतं.

येशूला आपल्यासारखाच सर्व बाबतींत मोह झाला, तरी तो निष्पाप राहिला, असं इब्रीकरांस पत्रात आहे. मोह होणं हेच पाप असतं तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं. यावर समोरून उत्तर येतं की त्याचा मोह बाहेरून आला, आपला आतून उगवतो. उत्तर वजनदार आहे. पण क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथसेमनेच्या बागेत येशूने 'हा प्याला माझ्यापासून टळो' अशी प्रार्थना केली, ती कुठून आली? आतूनच. जगायची ओढ होती ती. ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ख्रिस्ताला खरी मानवी इच्छाशक्ती होती असं ठरवलं, त्यामागच्या चर्चेत ही बागेतली प्रार्थना मध्यवर्ती होती. इच्छा एका दिशेला ओढते, माणूस दुसरी दिशा धरतो, आणि त्यात पाप नसतं, हे तिथे दिसतं.

मग बरोबर कोण? माझं मत असं की दोघं 'पाप' हा शब्द दोन कामांसाठी वापरताहेत. पाद्री हिशोब विचारतात: यात तुझा हात किती, तुझ्यावर दोष किती? पास्टर घराची तपासणी करतात: पडवीत ही सोडणं आलीच कशी, आणि तू त्यांच्याशेजारी निवांत कसा झोपतोस? पहिल्याला 'अजून आग लागलेली नाही' हे उत्तर पुरतं, दुसऱ्याला पुरत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघाने एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ही ओढ देवाविरुद्ध जाणारी आहे आणि तिच्याशी जन्मभर झुंजायचं आहे, हे दोघांनी मान्य केलं. तिला पाप म्हणायचं की नाही हा फरक राहिला, पण त्यावरून एकमेकांना धर्मबाह्य ठरवायचं कारण उरलं नाही. साडेचारशे वर्षं भांडून इथवर आले. तुमच्या मित्राशी तुमचं भांडण एका रविवारी मिटेल असं धरू नका.

मराठीचा घोळही यात आहे. प्रभूच्या प्रार्थनेतल्या ग्रीक शब्दाचा अर्थ कसोटीही होतो आणि मोहही. मराठी बायबलात 'परीक्षेत आणू नकोस' आहे. कोंकणीत आपण ताळणेंत पडूंक दिवं नाका म्हणतो, आणि ताळणी म्हटलं की मला शाळेतला गणिताचा ताळा आठवतो. उत्तर चुकलं म्हणून ताळा करत नाहीत, ते बरोबर आहे का बघायला करतात. 'वासना' शब्द तर आपण नेऊन एकाच ठिकाणी बांधून ठेवलाय. चुलतभावाचा मत्सर हीसुद्धा वासनाच, पण तुमच्या पत्रात तिला दीड ओळ मिळाली आणि नजरेला अख्खा परिच्छेद. मला विचाराल तर उलट हवं होतं. देवचाराचंही तसंच. आपण कॅथलिक सैतानाला देवचार म्हणतो, आणि शेजारचे हिंदू त्याच नावाच्या राखणदाराला मानाने रोट ठेवतात. लहानपणी 'देवचारान भुलयलो' ऐकून वाढलेल्या माणसाला मनात आलेला प्रत्येक विचार बाहेरून कुणी टाकला असं वाटतं, नाहीतर सगळाच आपला गुन्हा वाटतो. मधली जागा त्याला दिसत नाही.

जरा बाजूला जाऊन, हा वाद आज सगळ्यात तापतो तो समलिंगी आकर्षणावरून. अमेरिकेतल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चने २०२० साली त्यावर सविस्तर अहवाल काढला, त्यात इच्छा, मोह आणि पाप यांतला फरक हाच कळीचा मुद्दा आहे. कॅथलिक शिकवण आकर्षण असण्याला पाप म्हणत नाही, पण ती ज्या शब्दांत बोलते ते ऐकून माझ्यासमोर बसलेल्या एका मुलाचा चेहरा उतरला होता, हेही खरं. चारचौघांत बसून हा वाद घालणाऱ्यांनी तो चेहरा एकदा बघायला हवा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तो तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रभर आहे: माझ्या खात्यावर किती जमा झालं? 'दिवसातून निदान पन्नास वेळा' असं तुम्ही लिहिलंय. पन्नास हा आकडा तुम्हाला कसा कळला? मोजताय म्हणून.

इथे माझी एक चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी तुमच्याच वयाचा एक जण माझ्याकडे यायचा. जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नातियसने एखादा दोष काढून टाकण्यासाठी रोज ठिपके मांडून आत्मपरीक्षण करायची रीत दिली आहे. मी उत्साहाने त्याला वही दिली आणि म्हटलं, वाईट विचार आला की ठिपका दे. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा वही भरली होती आणि त्याला झोप येत नव्हती. ठिपका द्यायचाय म्हणून तो दिवसभर विचारावर पाळत ठेवून होता, आणि पाळत ठेवली की तो येतोच. पांढऱ्या माकडाची गोष्ट आपल्याला माहीत आहे: त्याचा विचार करू नको म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. ती रीत घडलेल्या दोषांसाठी होती, मी ती आलेल्या विचारांना लावली. त्याच इग्नातियसने शंकेखोर मनाविषयी टिपणं लिहून ठेवली आहेत, ती मी तेव्हा नीट वाचली असती तर बरं झालं असतं. वाटेवर दोन काड्या पडून सहज क्रूस झालाय, माणसाचा पाय चुकून त्यावर पडतो, आणि मग मन टोचत राहतं: पाप झालं, नाही झालं, झालं. हे टोचणं देवाची हाक नव्हे, असं तो म्हणतो. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला तो स्वतः या आजाराने पार खचला होता. मठात असताना लुथरही तासन्‌तास पापांची कबुली देत बसायचा. म्हणजे तुम्ही तसे एकटे नाही.

तुम्ही नुसते हळव्या मनाचे आहात की शंकेच्या आजारात अडकलाय, हे मला इथून सांगता येणार नाही, आणि पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. कुमसाराहून परतताना वाटेतच 'नीट सांगितलं नाही' असं वाटून पुन्हा मागे फिरावंसं वाटतं का? तीच प्रार्थना मनासारखी होईपर्यंत पुन्हापुन्हा म्हणता का? तसं असेल तर एकाच पाद्रींकडे जात राहा, ते सांगतील तेवढंच करा, आणि बांबोळीच्या मनोविकार संस्थेत एकदा डॉक्टरांना दाखवा. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही. तसं नसेल तर पुढे वाचा.

मोजायचं थांबवा. इच्छा कितीदा आली हे सोडा, ती आल्यावरच्या पुढच्या अर्ध्या मिनिटात तुम्ही काय केलंत तेवढंच बघा. बहुतेक वेळा तुम्हाला दिसेल की तुम्ही ट्रे उचलून निघून गेला होतात. ती पन्नास पापं नव्हती, पन्नासदा तुम्ही पाठ फिरवली होतीत, आणि वहीत ते चुकीच्या रकान्यात पडलं.

मत्सराचं वेगळं. त्याच्याकडे पाठ फिरवून तो जात नाही, कारण त्याच्या पोटात बहुधा काहीतरी खरं दडलेलं असतं. जुने यहुदी रब्बी म्हणत, माणसातली ती वाईट ओढ नसती तर कुणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, धंदा केला नसता. तुम्हाला इंग्लंड हवंय, की चुलतभावाचं नाव काढल्यावर बाबांच्या आवाजात जो अभिमान येतो तो हवाय? की कांदोळीत सीझन संपला की चार महिने हात रिकामे राहतात याची भीती आहे? माझ्याकडे येणाऱ्यांना मी इच्छेला हाकलून लावायच्या आधी तिला काय हवंय ते विचारायला लावतो. भीती निघाली तर तिच्यावर उपाय असतो, आणि तो कुमसाराच्या जागेत नसतो. बाबांशी बोलायचं निघालं तर ते आणखी अवघड, हे मला ठाऊक आहे. आणि फोटो बघायला तुम्ही स्वतः रात्री त्याचं प्रोफाईल उघडत असाल, तर मात्र ते खिडकीशी जाऊन उभं राहणं झालं.

नोकरी सोडायची का? जुनी शिकवण म्हणते, पापाच्या जवळच्या संधीपासून दूर राहा. पण तीच शिकवण टाळता येणारी संधी आणि पोटासाठी पत्करावी लागणारी संधी यांत फरक करते. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर आज उद्या राजीनामा द्या असं मी म्हणणार नाही. शिफ्ट संपल्यावर सहकाऱ्यांबरोबर बसून गिऱ्हाइकांच्या बायकांवर गप्पा होतात, तेवढं बसणं सोडा. सोडणं पडवीत असणारच, विडी तिथे ओढू नका.

कम्युनियनचं शेवटी. कॅथलिक शिकवणीत गंभीर पापासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पुरेपूर माहीत हवं, आणि जाणूनबुजून होकार हवा. तिन्ही एकदम असतील तरच आधी कुमसार, मग कम्युनियन. तुम्ही जे लिहिलंय त्यात तिसरी मला कुठे दिसली नाही. येत्या शनिवारी यादी नेऊ नका. जिथे खिडकीशी जाऊन उभे राहिलात असं वाटतं तो एखादा प्रसंग असेल तर तो सांगा, नसेल तर चुलतभावाविषयी बोला. आणि रविवारी रांगेत उभे राहा. मित्राने त्यावरून छेडलं, तर त्याच्या पास्टरांना माझ्यातर्फे एवढंच विचारा की गेथसेमनेतल्या त्या प्रार्थनेवर ते काय बोलतात. मला खरंच ऐकायचंय.